समोरच्या संस्थेतला विद्यार्थी

४ सप्टेंबर

माझ्या खुर्चीवरची उशी नाहीशी झाली आहे आणि या संस्थेत कुणालाही तिचं सोयरसुतक नाही. उशी साधीसुधी नव्हती. वर्षानुवर्षांच्या सहवासाने तिने माझा आकार घेतला होता. दुसरं कुणी बसलं तर ती नाराज व्हायची. सकाळभर शोध घेतल्यावर ती कार्यशाळेत सापडली, वॉशबेसिनखाली, एका विद्यार्थ्याच्या गुडघ्यांच्या सेवेत. बेसिनखालचा सांधा करताना फरशी टोचते म्हणे. मी रीतसर तक्रार घेऊन संचालिकाबाईंकडे गेलो. संचालिकाबाई माझ्या धर्मपत्नीही असल्याने सुनावणी लांबली नाही. त्याचे गुडघे अजून कमवायचे आहेत, तुमची बैठक कमावून झाली आहे, असा निकाल मिळाला. अपिलाची सोय नाही.

आमची संस्था नळकाम शिकवते. संचालिकाबाई नळकाम करणाऱ्याच्या कन्या. पान्हा त्यांच्या हातात बाहुलीच्या आधी आला. मी संस्कृतचा माणूस. शाळेत शिकवत होतो, तोवर तो विषय घेणारी मुलं संपली. तेव्हापासून इथला पत्रव्यवहार बघतो आणि आठवड्यातून एकदा ‘ग्राहकाशी संभाषण’ हा तास घेतो. म्हणजे लोकांची भिंत फोडून झाल्यावर त्यांच्याशी काय बोलावं, ते शिकवतो.

दुपारी सरकारी परिपत्रक आलं. सगळ्या खाजगी प्रशिक्षण संस्थांचे परवाने वर्षाअखेर रद्द; नव्या अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच नवा परवाना; बाकीच्यांनी पाटी उतरवावी. संचालिकाबाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "नीट वाचा, आणि काय काय लागेल ते मला सांगा," म्हणाल्या.

वाचलं. काय ते गद्य! पहिल्या पानावर निघालेलं वाक्य तिसऱ्या पानावर अजून क्रियापद शोधत हिंडत होतं. मला राहवेना. पेन्सिल घेतली आणि संध्याकाळपर्यंत मुख्य भाग माणसात आणला. मागे परिशिष्टं आहेत. परिशिष्टांत गद्य नसतं, नुसती कोष्टकं असतात. ती सवडीने बघू.

६ सप्टेंबर

अटींपैकी एक अट थेट माझ्या अंगावर आली आहे. शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे त्या व्यवसायाचं प्रमाणपत्र हवं. संचालिकाबाईंकडे आहे, आमच्या दोन्ही प्रशिक्षकांकडे आहे. माझ्याकडे संस्कृतची एम.ए.ची पदवी आहे. ती चालेल का, असं मी कार्यालयात फोन करून विचारलं. तिने किती पाईप जोडता येतात, असं तिथल्या कारकुनाने विचारलं. प्रश्न उद्धट होता, पण बिनतोड.

माझं नाव यादीतून काढावं, तर शिक्षकांची संख्या कमी पडते आणि अर्जच बाद होतो. तेव्हा मला नळकाम शिकणं भाग आहे. आणि नातेवाइकाला नातेवाइकाने शिकवून पास करायचं नाही, असंही पुढचं कलम आहे. म्हणजे इथे शिकता येणार नाही.

उरली समोरची संस्था.

समोरची संस्था म्हणजे रस्ता ओलांडला की जी येते ती. तिचे चालक आमच्या घरात ‘समोरचे’ एवढ्याच नावाने ओळखले जातात. पूर्वी ते आमच्याकडेच प्रशिक्षक होते. संचालिकाबाईंचं म्हणणं, विद्यार्थ्याने आधी लोखंडी पाईपला हाताने स्क्रूसारखे आटे पाडायला शिकावं, मग जगातलं दुसरं काहीही. समोरच्यांचं म्हणणं, जग प्लास्टिकच्या पाईपवर गेलं, आपण आटे पाडत बसलोय. हा वाद एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुरू झाला आणि सुट्टी संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. फक्त पाट्या वाचतात, एकमेकांच्या.

मला वाटलं होतं, संचालिकाबाई संस्था बंद करतील पण मला तिथे पाठवणार नाहीत. त्या बराच वेळ पान्हा पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "जा. शिका. पण त्यांचं कौतुक घरात आणायचं नाही."

११ सप्टेंबर

विद्यार्थी झालो. या वयात डबा, पाण्याची बाटली आणि निळा डगला घेऊन रस्ता ओलांडला, दोन्हीकडे बघून, शाळेच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसा. 

समोरच्यांनी माझं स्वागत असं केलं, जणू मी परक्या राष्ट्राचा राजदूत आहे. बसायला खुर्ची दिली, लगेच काढून घेतली आणि म्हणाले, इथून पुढे उभं राहायचं.

माझ्या बाकावर एक मुलगी आहे. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, अधिकाराने माझ्या आत्याएवढी. तिला सगळे मुकादम म्हणतात. मी नळाची चावी हळुवारपणे फिरवत होतो, तर ती म्हणाली, "काका, गोंजारताय कशाला? पिळा."

पिळली. तुटली. बाकावर टाळ्या पडल्या. मला राग यायला हवा होता. मी हसत सुटलो.

१९ सप्टेंबर

आज मी आटे पाडले!

कुणाला सांगू? म्हणून इथे लिहितो. समोरच्यांची संस्था प्लास्टिकवाली असली, तरी परीक्षेत लोखंड आहेच. पाईप पकडीत धरला, तेल सोडलं, पातं लावलेला दांडा अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा पुढे. लोखंडाची कुरळी साल निघत राहिली. मग पाईप हातात घेतला आणि त्यावर तो गोल गोल चढत जाणारा रस्ता बघितला. इतकी वर्षं मी लोकांना शब्द एकमेकांत कसे बसतात ते सांगत आलो; पण ते खरोखर बसले की नाही, हे ओढून बघायची सोय नव्हती. हे ओढून बघता येतं. मी ओढलं. निघालं नाही. मुकादमने ओढलं. निघालं नाही. मग पाणी सोडलं आणि सांध्यातून बारीकशी पिचकारी थेट माझ्या चष्म्यावर आली, पण ती गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर संचालिकाबाईंनी विचारलं, आज काय केलंत. कौतुक घरात आणायचं नाही हे लक्षात ठेवून मी फक्त लोखंडाचं कौतुक केलं, ते जेवण होईपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. एकदाही टोकलं नाही. त्यांना परवान्याची काळजी फार आहे. दमलेल्या दिसतात.

३ ऑक्टोबर

समोरचे मोठे गुणग्राही गृहस्थ आहेत, हे घरात म्हणता येत नाही म्हणून वहीत म्हणतो. आज चहाच्या वेळी त्यांनी आपला परवान्याचा अर्ज लाजत लाजत पुढे केला. त्यांना पाईपमधलं पाणी कुठून कुठे जातंय ते भिंतीला कान लावून कळतं, पण दोन वाक्यं एकापुढे एक ठेवली की दोन्ही गळतात. ‘आमची संस्था चांगली आहे, सर्व चांगले आहे’ अशी सुरुवात होती.

"तुमच्यासारखा माणूस शेजारी असताना आम्ही असं लिहावं?" ते म्हणाले.

आता माणसाने काय करावं? पेनाचं टोपण आपोआप निघालं. आमच्या संस्थेच्या अर्जासाठी मी एक वाक्य रचलं होतं: ‘जेथे पाणी अडते, तेथे आमचा विद्यार्थी उभा असतो.’ वाक्याला तोल आहे, वजन आहे, शेवटाला एक प्रकारची धीरोदात्त स्तब्धता आहे. संचालिकाबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, उभा कशाला राहील, कामाला लागेल ना. समोरच्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी डोळे पुसले. मुकादमनेसुद्धा शिट्टी घातली.

दिलं मी ते वाक्य त्यांना. चांगली छत्री शेजाऱ्याला द्यावी, तसं. पुढची पानंही मीच लिहिली. हात इतका चालला की त्यांच्या प्लास्टिकच्या धोरणाचं समर्थन करताना माझं स्वतःचंच मत बदलायला लागलं. संध्याकाळी अर्ज गेलासुद्धा. आमचा, त्याच वाक्याने सुरू होणारा, मागच्या आठवड्यात गेला आहे.

१५ ऑक्टोबर

संचालिकाबाईंना महिलांच्या स्वच्छतागृहाचं माप हवं होतं. ते परिशिष्टात असतं. त्यांनी नाश्त्याच्या वेळी परिशिष्ट उघडलं, आणि थांबल्या.

"हे तुम्ही वाचलंत?"

मी म्हणालो, नजर टाकली होती. जिच्यावर टाकली ती बाजू कोरी असावी.

त्यांनी मोठ्याने वाचलं. एका परिसरात एका व्यवसायाचं एकच केंद्र. दोन अर्ज आले, तर तपासणीत जे सरस ठरेल त्याला परवाना; दुसऱ्याने पाटी उतरवावी.

मी चहा ढवळत राहिलो. कपात साखर नव्हतीच, हे नंतर कळलं.

संचालिकाबाई उलट शांत झाल्या. म्हणाल्या, त्यांची कार्यशाळा चांगली असेल, पण अर्जात मार खातील. त्या माणसाला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. अर्जाच्या बाबतीत आपल्याकडे तुम्ही आहात.

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या गद्याबद्दल काढलेले हे पहिले चांगले उद्गार. मला ठसका लागला. पाणी आणून दिलं त्यांनीच.

सांगायला हवं होतं. उद्या सांगीन.

२७ ऑक्टोबर

सांगितलेलं नाही. स्वच्छतागृहाचं काम निघालं आहे. अशा वेळी घरात नवी गळती नको.

स्वच्छतागृहाचा विषय नाजूक आहे. आमच्या कार्यशाळेत कमोडची एक लांबच लांब ओळ आहे, सगळे सरावाचे. एकही कशालाच जोडलेला नाही. विद्यार्थी आठवडाभर बसवतात आणि शनिवारी सकाळी सगळे उघडून, पुसून, फळीवर मांडून ठेवतात, म्हणजे सोमवारच्या तुकडीला कोरी जमीन मिळते. हा संचालिकाबाईंचा शिरस्ता. तो आजवर चुकलेला नाही. इतकी वैभवशाली संस्था, पण खरोखर गरज पडली तर आमच्या बायकामुली दोन दुकानं सोडून असलेल्या शिंपीणबाईंकडे जातात. आता नव्या अटीप्रमाणे ओळीच्या टोकाला एक खराखुरा, चालता, आडोशासकट बसवला आहे. विद्यार्थ्यांनी जीव ओतून काम केलं. संचालिकाबाईंनी स्वतः पाणी सोडून बघितलं आणि फक्त "हं" म्हणाल्या. त्या "हं"साठी मुलं वर्षभर राबतात.

पलीकडे माझंही परीक्षेचं काम चाललं आहे. योगायोग असा की मलाही परीक्षेसाठी हेच मिळालं: समोरच्यांच्या संस्थेतलं महिलांचं स्वच्छतागृह. पातळी बघायची पाणसळ लावून लावून मी ते बसवतोय. मुकादम म्हणते, काका, बसवताय की प्रतिष्ठापना करताय.

घरी आता आज काय केलंत असं कुणी विचारत नाही. मीच आपणहून सांगतो.

६ नोव्हेंबर

उत्तीर्ण! बाहेरून आलेल्या परीक्षकाने माझ्या सांध्याखाली कोरडा कागद धरला, तो कोरडाच निघाला. समोरच्यांनी मला मिठी मारली. मुकादमने सगळ्यांना चहा पाजला आणि मला म्हणाली, आता तुम्ही आमच्यातले.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. तो बिघडला नव्हता. आता थोडा बिघडला आहे.

संचालिकाबाईंनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं, "छान" म्हणाल्या आणि ते फाइलला लावून लवकर झोपल्या. तपासणीचा ताण.

१६ नोव्हेंबर

आज तपासणी झाली.  क्रमाने लिहितो.

निरीक्षकबाई वेळेवर आल्या. उंच, मितभाषी, हातात फाइल. कार्यशाळा पाहिली, अवजारं पाहिली, माझं प्रमाणपत्र पाहून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्रमाणपत्राकडे पाहिलं. सगळं नीट चाललं होतं. संचालिकाबाईंच्या आवाजात ती जुनी ऐट आली होती. शेवटी निरीक्षकबाईंनी विचारलं, महिलांसाठीची सोय?

संचालिकाबाई अभिमानाने पुढे, निरीक्षकबाई मागे, मी त्यांच्या मागे. आडोसा बाजूला केला.

जमिनीत एक भोक होतं. त्यात फडक्याचा बोळा कोंबलेला. बाकी स्वच्छ, कोरी जमीन. आणि फळीवर, ओळीत सगळ्यांत शेवटी, लख्ख पुसलेला आमचा खराखुरा कमोड.

या आठवड्यात आलेल्या नव्या तुकडीचा म्होरक्या छाती काढून उभा होता. "शनिवार आहे ना, बाई," तो म्हणाला.

 संचालिकाबाई त्याला काय म्हणणार? त्यांनीच शिकवलेलं त्याने चोख केलं होतं. आमची सोय चालती असते, आजच अशी आहे, असं मी समजावू लागलो. ग्राहकाशी संभाषण या विषयातलं माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. निरीक्षकबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला नुसती पाहायची नव्हती," त्या म्हणाल्या. "सकाळपासून प्रवासात आहे."

शिंपीणबाईंचं दुकान आज बंद.  मग संचालिकाबाईंनी निरीक्षकबाईंची फाइल स्वतःच्या हातात घेतली, दार उघडलं आणि रस्ता ओलांडला. समोरच्या संस्थेत. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा. आमची अख्खी तुकडी दारात येऊन बघत राहिली, जणू बाईंनी नदी ओलांडली.

समोरचे दारातच उभे होते, हातात पाईपचा तुकडा.  संचालिकाबाईंनी फक्त, कुठे आहे, एवढं विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. निरीक्षकबाई आत गेल्या.

आम्ही बाहेर उभे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आणि मग आतून पाण्याचा आवाज आला, भरघोस, निर्वेध, आणि त्यामागून टाकी भरत असल्याची ती बारीक शीळ. मी डोळे मिटले. सांधा माझा होता. आमची संस्था बुडत होती आणि मला अभिमानाने गहिवरून आलं होतं, हे इथे कबूल करून टाकतो.

निरीक्षकबाई बाहेर आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन. चेहऱ्यावर रंग आला होता. आलेच आहे तर इथली तपासणीही आत्ताच उरकते, म्हणाल्या आणि समोरच्यांचा अर्ज फाइलमधून काढला. पहिली ओळ वाचली. थांबल्या. आमचा अर्ज काढला. तोही वाचला.

"जेथे पाणी अडते," त्या म्हणाल्या, "तेथे तुमचा विद्यार्थी उभा असतो. आणि यांचाही. हे कुणी लिहिलं?"

मुकादमने माझ्याकडे बघितलं. समोरच्यांनी माझ्याकडे बघितलं. आमची तुकडी तोवर रस्ता ओलांडून आली होती, तिनेही माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

संचालिकाबाईंनी मात्र बघितलं नाही. त्या केव्हाच बाकाखाली वाकून एक सांधा तपासत होत्या. "आटे उथळ आहेत," त्या बाकाखालूनच म्हणाल्या.

समोरचे शेजारी वाकले. "प्लास्टिकला एवढे पुरतात, बाई."

"पुरतात म्हणजे गळायची वाट बघतात."

"तुमच्या खोल आट्यांनी पाईप चिरतो."

"चिरतो कारण तुम्ही घाई करता. तेव्हाही करत होता."

मग जे सुरू झालं ते थांबेना. दोघं गुडघ्यांवर, एकमेकांच्या हातातून पाईप हिसकावतायत, दोन्ही तुकड्या भोवती गोळा, कुणी याच्या बाजूने, कुणी त्याच्या, मुकादम मध्ये उभी राहून गुण देतेय. निरीक्षकबाईंना कुणीतरी चहा दिला होता. त्या खुर्चीवर बसून तो सावकाश पीत होत्या. माझ्या मते बऱ्याच तपासण्यांनंतर त्यांना एक चांगला तास बघायला मिळाला होता.

चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "नियमात संयुक्त केंद्राची सोय आहे. भांडणाची वेगळी सोय नाही. एकाच्या कार्यशाळेत लोखंड आहे, दुसऱ्याकडे प्लास्टिक. अर्ज तर एकाच हाताचा आहे. सोमवारी दोघांनी मिळून सही करून पाठवा. दोन्हीकडच्या शिक्षकांची यादी एकत्र करा. आणि ते भांडं परत बसवा."

गेल्या. मी वाट बघतोय, संचालिकाबाई मला कधी धारेवर धरतात याची. अजून धरलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

परवाना आला! दोन पाट्यांची एक पाटी झाली. ती कुठल्या बाजूला लावायची यावर नवीन वाद सुरू झाला आहे आणि तो छान रंगतोय. दोन्हीकडची मुलं दिवसभर रस्त्यावरून पाईप नेताआणताना दिसतात. समोरचे आता ‘समोरचे’ राहिले नाहीत, पण दुसरं नाव कुणालाच सुचत नाही.

मीही दिवसातून कितीतरी वेळा ये-जा करतो. शिट्टी घालायला शिकलोय, मुकादमकडून.

घरात अजून माझ्यावर खटला उभा राहिलेला नाही. अर्जाबद्दल एक शब्द नाही. बचावाचं भाषण तयार आहे, पण न्यायालय बसत नाही.

९ डिसेंबर

आज नवं वेळापत्रक लागलं. संचालिकाबाईंनी स्वतः केलं. त्यात माझे सगळे तास पलीकडच्या इमारतीत आहेत. संभाषणाचा, लोखंडाचा, सगळे. सोमवार ते शनिवार.

पहिल्यांदा मला भलताच आनंद झाला, हे खरं. मग वाटलं, हीच ती शिक्षा. संध्याकाळी त्या भांडी आवरत होत्या. मी तयार केलेलं भाषण काढलं आणि म्हणालो की अर्जाचं मी तुला आधीच सांगायला हवं होतं.

"त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तिथे बरं वाटतं. म्हणून तुमचे तास तिथे ठेवलेत."

रागाने नाही. टोमण्याने नाही. टोमणा असता तर मी ओळखला असता. इतकी वर्षं मी त्याच भाषेत राहतोय. मीठ पुढे सरकवावं तसं म्हणाल्या आणि ताटं पुसायला लागल्या. मी विनोद करायला गेलो. पहिल्या शब्दालाच तो माझ्याच तोंडात विरला. मी फडकं घेतलं आणि शेजारी उभा राहून वाट्या पुसल्या. 

आता वहीपुढे बसून सरळ लिहितो. परवान्याची काळजी मला कधीच नव्हती. ती तिला होती, मी तिच्या काळजीवर गंमत करत होतो. मला तिथे बरं वाटतं, हे तिने बरोबर ओळखलं. माझ्या आधी ओळखलं. इथे तिच्याजवळ तसं का वाटेनासं झालं, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला भीती वाटते, तिच्याकडे आहे.